राहून गेलेला प्रवेश

मराठीच्या प्राध्यापकाने रिकाम्या वेळात काय करावे, याविषयी लोकांच्या कल्पना मोठ्या गोड असतात. जेवण झाल्यावर हा मनुष्य ज्ञानेश्वरीची एखादी ओवी घोळवीत अंगणात येरझारा घालीत असेल, असे त्यांना वाटते. त्यांचा भ्रमनिरास करणे माझ्या जिवावर येते. पण दिवाळीच्या निमित्ताने खरे सांगून टाकतो. मी त्या वेळी 'सी. आय. डी.' पाहत असतो. नवे भाग पाहतो, जुने पुन्हा पाहतो, आणि पत्नी स्वयंपाकघरातून "खुनी कोण हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" असे विचारते, तेव्हा "ठाऊक आहे म्हणूनच पाहतो," असे उत्तर देतो.

हे वेड आमच्या घराण्यात चालत आले आहे. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि आम्ही सिद्धेश्वरला धरणाजवळच्या वसाहतीत राहत असू. समोर पूर्णेचे अडवलेले पाणी आणि वडिलांच्या हातात बाबूराव अर्नाळकर, असे माझ्या बालपणीचे चित्र आहे. झुंजार आणि काळापहाड ही नावे मी रामलक्ष्मणांच्या बरोबरीने ऐकली. पुढे जानेवारी 1998 मध्ये 'सी. आय. डी.' सुरू झाली, तेव्हा वसाहतीत एकाने बसवलेल्या डिशवरून आठदहा घरांत तारा गेल्या होत्या. वडिलांनी पहिल्याच रात्री शिवाजी साटमांना ओळखले. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि साटम ही जोडी 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेतली. "हा माणूस बँकेत नोकरीला होता," वडील कौतुकाने म्हणत. जणू कारकुनाला एक दिवस ए. सी. पी. होता येते, याचाच तो पुरावा होता!

इतकी वर्षे पाहिल्यावर माझी काही मते बनली आहेत. पहिले मत असे की, सुरुवातीच्या काळातले भाग सर्वांत सरस. तेव्हा एक प्रकरण एका रात्रीत संपत नसे. ते पुढच्या आठवड्यावर जाई. मधले सात दिवस आम्ही संशय घेण्यात घालवीत असू. वडिलांचा संशय नेहमी मृताच्या भागीदारावर, आईचा सुनेवर आणि माझा नोकरावर. पुढे प्रकरणे झटपट उरकू लागली. संशय मुरायला वेळ लागतो. लोणच्याला लागतो तसाच.

दुसरे मत त्या प्रसिद्ध भागाविषयी. 7 नोव्हेंबर 2004 रोजी एकशे अकरा मिनिटांचा एक भाग दाखवला गेला. लोणावळ्याला चित्रित झालेला, आणि आरंभापासून शेवटपर्यंत कॅमेरा एकदाही न थांबवता घेतलेला. त्याचा जागतिक विक्रम म्हणून गौरव झाला. मी तेव्हा दिवाळीसाठी सिद्धेश्वरला आलो होतो. लोणावळ्यात जे अखंड झाले, त्याचे आमच्याकडे दिवे जाऊन तीन तुकडे झाले. नदीच्या वरच्या अंगाला येलदरीच्या धरणावर वीज तयार होते आणि खाली आम्ही अंधारात खुनी शोधत बसलो होतो! तरी तो भाग मला आवडतो. चुकले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल, हे भय त्यातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसते.

तिसरे मत दयाविषयी. ही भूमिका करणारे दयानंद शेट्टी मूळचे थाळीफेकपटू. त्यामुळे त्यांनी दारे तोडावीत हे शोभून दिसते. माझी तक्रार दारांबद्दल नाही, थपडेबद्दल आहे. मालिका जुनी होत गेली तसतशी दयाची एक थप्पड पडली की आरोपी घडाघडा बोलू लागला. आमच्या कायद्यात पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात तसे होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसेच आहे. इंग्रजांनासुद्धा थपडेचा भरवसा वाटत नव्हता. तो आम्हा प्रेक्षकांना वाटू लागला.

मला तो किती वाटत होता, ते आता सांगतो.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. बारावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत रिकामा बसलो होतो आणि आजीची सोन्याची अंगठी हरवली. घरात येणारे परके माणूस एकच, भांडी घासायला येणाऱ्या मावशी. वडील कचेरीत गेले होते. मी मावशींना ओसरीवर उभे केले आणि साटमांसारखी बोटे हवेत फिरवीत विचारले, "अकरा ते बारा तुम्ही कुठे होता?" त्यांनी सांगितले. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. मग मी कंबरेची पिशवी उलटी करायला सांगितली. तीत पानाचे दोन तुकडे, सुपारी आणि चार रुपये निघाले. आई आतून सर्व ऐकत होती. तिने मला थांबवले नाही. मावशींनी राहिलेली भांडी घासून पालथी घातली, हात पुसले आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी वडिलांना म्हणालो, "पाहा, पळाल्या!"

दिवाळीची साफसफाई करताना अंगठी ज्वारीच्या कोठीत, तळाशी सापडली. ज्वारी काढताना आजीच्या बोटातून निसटली असावी. आई फराळाचे ताट घेऊन मावशींच्या घरी गेली. त्यांनी ताट ठेवून घेतले, पण कामाला आल्या नाहीत. मी काही गेलो नाही. तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि मला फार काम होते.

मालिका ऑक्टोबर 2018 मध्ये, दीड हजारांहून अधिक भाग झाल्यावर बंद पडली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. बंधाऱ्यावरून परतताना एका ओट्यावर मावशी बसलेल्या दिसल्या. केस पांढरे झाले होते, पण ओळख लागली. "काय बापू, कधी आलास?" त्यांनीच हाक मारली. घरात टी. व्ही. चालू होता आणि त्यातून ओळखीचे संगीत येत होते. मी हसून म्हणालो, "तुम्हीही पाहता का?"

"नातू लावतो, मी बी बघते," मावशी म्हणाल्या. "समदं ब्येस आसतंय. पर एक बघ, आदी ज्या गरिबाला धरत्यात, दमात घेत्यात, त्यो चोर न्हाई आसं कळल्यावर त्येच्याकडं मागनं कुनी जात न्हाई."

पंचवीसहून अधिक वर्षे मी ही मालिका पाहतो आहे, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. खुनी सापडतो, प्रद्युम्न त्याला फाशीची आठवण करून देतो आणि भाग संपतो. निरपराध ठरलेला नोकर, माळी, ड्रायव्हर कुठेतरी मागेच राहून जातो. त्याच्या दारी जाण्याचा प्रवेश कुणी लिहीतच नाही.

मी ओट्याच्या कडेला टेकलो. वर्गात दोन तास अडखळल्यावाचून बोलणारा मी. पण शब्द जुळेनात. शेवटी कसेबसे म्हणालो, "मावशी, त्या अंगठीच्या वेळी माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कोन्ती आंगटी?" त्या म्हणाल्या.

त्यांना खरेच आठवत नव्हते, की मला अवघड वाटू नये म्हणून त्या तसे म्हणाल्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही केल्या ओळखता आले नाही. आजही येत नाही. आतून नातवाने ओरडून सांगितले, "आज्जे, चल, दार तोडायलेत!" मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "च्या घिऊन जा, बापू. बस." मी बसलो.