विशीतले अक्षर

डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली अमेरिकेतील मठवासी जोगिणींच्या वार्धक्याचा अभ्यास आरंभिला. पुढे ६७८ जणींनी मरणोत्तर आपला मेंदू देऊ केला. केवढे हे औदार्य! त्यांपैकी काहींनी विशीत लिहिलेली आत्मवृत्ते मठात जपून ठेविली होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी, त्यांच्यांत उतारवयातील स्मृतिभ्रंश कमी आढळला. ही दाटी कारण म्हणावी की मुळातच सुदृढ असलेल्या मेंदूचे लक्षण, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

हे वाचून मी आईने लग्नापूर्वी मामांस लिहिलेली पत्रे मागविली. ओळीओळीत दाटी! सरासरीचा नियम एकट्या माणसाला कुठला लागू पडायला? हल्ली तीच पत्रे तिला वाचून दाखवितो.

"छान लिहिते हो ही मुलगी," ती म्हणते, "कोणाची?"