चिमटा

आमच्या घरात माझी सत्ता तीनच वस्तूंवर चालते : माझा चष्मा, माझी छत्री आणि माझी पेटी. या पेटीवर मी जवळजवळ चाळीस वर्षं हिला साथ केली. साथ म्हणायचं आपलं सवयीनं. मी सूर धरून बसायचं आणि हिनं गायचं, एवढाच आमचा करार. हिची पट्टी काळी पाच. भावगीत असो, नाट्यपद असो, काळी पाचवरून बाई खाली उतरायची नाही.

2021 साली हिच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देव पावला. पण आवाज खाली बसला. वरच्या सुरांना हात लावायला जावं तो फाटायचा. हिनं आदळआपट केली नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. एक दिवस पेटीवर शाल घातली, आणि त्या शालीवर हळूहळू इस्त्रीचे कपडे साचू लागले.

2023 च्या दिवाळीत सोसायटीनं दिवाळी पहाट ठरवली, तेव्हा चिरंजीवांनी मनावर घेतलं. हे गृहस्थ इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. आमच्या घरी तिला नुसतं 'ती विजेची' म्हणतात. "आई, काळी पाच कशाला हवी? काळी तीनमध्ये म्हण. मी साथ करतो."

आता गोम अशी, की चिरंजीवांचा हात बसलेला पांढरी तीनमध्ये. गिटारवर काही पट्ट्यांत मोकळ्या तारा सोयीनं वाजतात, काहींत बोटांची कसरत होते. पांढरी तीनवरून काळी तीनला जायचं म्हणजे दोन पडदे वर सरकायचं. आपल्या स्केलचेंजर पेटीत सगळी पट्टीच सरकवता येते. गिटारवाले त्यासाठी मानेवर एक चाप लावतात. त्याचं नाव कॅपो. मूळ इटालियन शब्द कापोतास्तो, पण मला तो कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा श्रीमंत चुलतभाऊ वाटला. "ही तर कुबडी झाली," मी म्हणालो. त्यावर मला ऐकवण्यात आलं, की अल्बर्ट कॉलिन्स नावाचा अमेरिकन ब्लूज वादक (तो 1993 साली वारला) जन्मभर इलेक्ट्रिक गिटारवर हाच चिमटा लावून वाजवत आला. मी गप्प बसलो.

तालीम सुरू झाली. दुसऱ्याच ओळीला ही थांबली. "मी कणसूर लागतेय." पुन्हा धरलं, पुन्हा थांबली. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी म्हणाली, "यादीतून माझं नाव काढायला सांगा." खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. कुठंतरी काहीतरी लागत नव्हतं आणि ऑपरेशन काही गिटारचं झालेलं नव्हतं! नवऱ्यानं अशा वेळी काय बोलावं हे न कळल्यामुळे मी चष्मा पुसत बसलो.

त्या रात्री कपड्यांचा ढीग बाजूला करून मी पेटी उघडली आणि उगाच काळी तीन दाबून धरली. ही स्वयंपाकघरात दुधावर झाकण ठेवत होती. आपल्याच नादात तिनं सा लावला. तो पेटीच्या सुरात असा विरघळला, की भाता कधी थांबवावा हे मला कळेना.

सकाळी मी चिरंजीवांना अंघोळीआधीच पेटीपुढे बसवलं. चिमटा न लावता गिटार पांढरी तीनला चोख मिळाली. चिमटा लावला आणि काळी तीनशी तिचं भांडण सुरू! प्रत्येक तार थोडी चढी. तिसरी तर पुष्कळच.

कारण साधं होतं. तो चिमटा त्याच्या जुन्या लाकडी गिटारचा. तिच्या तारा जाड, म्हणून त्याची स्प्रिंग दणकट. तिथली सर्वांत बारीक तार इंचाच्या हजार भागांतले बारा भाग जाड, तर या विजेचीची नऊच. त्यातून हिचे पडदे उंच. चिमट्यानं तार पडद्याला टेकवायची सोडून लाकडाकडे दाबली, म्हणजे ती ताणली जाणार आणि सूर चढणार. सतारिया तार आडवी ओढून मींड काढतो, तीच गोष्ट. इथं चिमटा न विचारता मींड घेत होता. शिवाय या गिटारची मान जरा गोलसर आणि चिमट्याचं रबर सरळ, त्यामुळे मधल्या तारांवर भार अधिक.

मग स्क्रूचा चिमटा आणला. तो पडद्याच्या अगदी मागे, पण पडद्यावर नव्हे, सरळ बसवायचा आणि तारांची करकर थांबेल इतकाच आवळायचा. त्यापुढे एक आटाही नाही. लावताना तारा बाजूला ढकलायच्या नाहीत. एवढं करूनही एखादी तार हट्ट धरी. खुंट्यांजवळच्या खाचेत ती अडकून बसे आणि चिमटा काढला तरी मूळ सुरावर येत नसे. तिथं माझी शब्दकोड्याची पेन्सिल कामी आली. खाचेत शिसं घासलं, की तार सुरळीत सरकते. शेवटचा उपाय मात्र आमच्या पिढीचा : चिमटा लावल्यावर प्रत्येक तार हलकेच ओढायची आणि तिथल्या तिथे पुन्हा लावून घ्यायची. तंबोरा लावल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंड उघडत नसे. या मुलांना मात्र वाटतं, की एकदा सूर लावला म्हणजे वर्षाची निश्चिंती.

हिला आम्ही काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी नुसतं "एकदा म्हणून बघ" म्हटलं. ती दुसरी ओळ ओलांडून गेली. तिसरीही गेली. कडव्याच्या शेवटी तिनं गिटारकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "म्हणजे इतके दिवस ती होती?"

"ती होती," मी म्हणालो.

"आणि तुम्ही चष्मा पुसत होतात."

नरकचतुर्दशीला पहाटे मैदानात चांगलाच गारवा होता. पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्यासाठी चिरंजीवांनी चिमटा काढला, एक पडदा मागे लावला, तारा ओढल्या आणि मान डोलावली. ही माइकसमोर शांत उभी. सोसायटीचे सेक्रेटरी घड्याळ पाहू लागले. मी पेटीवर बोट ठेवून वाट पाहत होतो.

"तिसरी अजून चढी आहे," ही माइकमधूनच म्हणाली.

चिरंजीवांनी खुंटी पिळली. हिनं डोळे मिटले आणि सा लावला.