पाटी नसलेले हॉटेल

बाहेरगावचा पाहुणा आला की विचारतो, तुमच्या वाशिमला पाहण्यासारखे काय आहे? आम्ही पद्मतीर्थ दाखवतो. हे गाव म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, असे सांगतो. त्याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघासाठी कोरवून दिले, हे सांगताना तर आमची छाती फुगते. पाहुणा मान डोलावतो आणि विचारतो, बरे, खायला चांगले कुठे मिळते? तिथे मात्र आमची गाडी अडते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वाशिम जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांच्यामागून काचेच्या दारांची हॉटेलेही आली. पण तिथे जे मिळते ते नागपूर-पुण्यालाही मिळते.

म्हणून आज एका अशा हॉटेलाविषयी लिहितो, ज्याला नावाची पाटीच नाही. वाशिमहून मंगरूळपीरकडे जाताना रस्त्यालगत कडुनिंबाखाली टिनाचे छप्पर दिसते, तेच. बसायला भंगारात निघालेल्या एस.टी.ची बाके आहेत. त्यांतल्या एका बाकावर 'महिलांसाठी' ही अक्षरे अजून वाचता येतात आणि नेमके तिथेच ट्रॅक्टरवाले बसतात. भिंतीवरचे घड्याळ बंद पडलेले आहे. मालक ते काढत नाहीत, कारण त्याच्यामागे चिमणीने घरटे केले आहे. मालक साठीचे, कमी बोलणारे. काहीही मागितले तर 'आहे' किंवा 'संपलं' एवढेच उत्तर मिळते. सगळे त्यांना मामा म्हणतात.

आमची मुलगी बारावी पास झाली, त्याची पार्टी तिने मागितली होती. तिच्या मनात गार हवेचे हॉटेल होते. मी कारकून माणूस, आधी हिशेब मांडतो. काचेच्या दारात पाच माणसांचे जे बिल होईल, त्यात तिचे कॉलेजचे अर्धे पुस्तकसामान येईल. आमच्या आयुष्मतींनी मध्यममार्ग काढला : जायचे कडुनिंबाखाली, आणि उरलेल्या पैशांची पुस्तके. लालपरीने निघालो. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. मोफत आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, त्यामुळे आई फुकट, मायलेकी अर्ध्या. पूर्ण तिकिटाचे आम्ही दोघेच, मी आणि आठवीतला धाकटा.

इथे सकाळी पोहे-तर्री मिळते. पोह्यांवर उकडलेले हरभरे आणि लाल तवंगाची तर्री ओतून देतात. तवंग नको असेल तर आधीच सांगावे, नंतर इलाज नाही. पोहे संपत आले की चुलीवर तवा चढतो आणि मामी ज्वारीच्या भाकरी थापायला बसतात. सोबत वांग्याची भाजी, बेसन, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आम्ही पोहोचलो तेव्हा पोह्यांच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. त्या मुलांनी संपवल्या आणि मग सगळेच भाकरीला बसलो. धाकट्याने ठेचा बोटावर घेऊन पाहिला आणि पुढची पाच मिनिटे तो पाण्याच्या माठापाशीच होता.

भाकरीविषयी थोडे सांगायला हवे. आमच्या लहानपणी ज्वारी हेच घरातले धान्य होते, गव्हाची पोळी सणाला. आता पावसाळ्यात जिल्ह्यात कुठेही जा, सोयाबीन आणि तूर. ज्वारीचा पेरा घटला, आणि ज्याच्या वावरात ती होत नाही त्याला विकत घ्यावी लागते. गरिबाचे अन्न म्हणून जी भाकर हिणवली गेली, ती आज शहरातल्या हॉटेलात गावरान थाळी म्हणून ऐटीत येते. आईला याचे हसू येते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची भाकर तिने खाल्ली आहे. मामींच्या भाकरीचा पापुद्रा उचलून तिने आत वाकून पाहिले आणि म्हणाली, "जमली." आमच्या घरात याहून मोठे प्रमाणपत्र नाही.

चुलीजवळ शाळेची जुनी पाटी टांगली आहे. तिच्यावर खडूने भाव आणि खाली तीन सूचना : उधारी नाही. राजकारण बाहेर बोलावे. आपले ताट, आपला गिलास आपण धुवावा. तिसऱ्या सूचनेमागे एक हकिकत आहे. पूर्वी इथे ताटे धुवायला शेजारच्या वस्तीतला एक पोऱ्या होता. ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांवर १४ वर्षांखालची मुले ठेवायला बंदी आली. पुष्कळांनी पोरांची वये वाढवून सांगितली. मामांनी पोऱ्याला शाळेत धाडले आणि पाटीवर ही ओळ लिहिली. तेव्हापासून गिऱ्हाईक कोणीही असो, जेवले की सिमेंटच्या टाक्याकडे जायचे, राखेने ताट घासायचे आणि फळीवर उपडे घालायचे. मला हा नियम फार आवडला होता. मी मुलांना त्याचे कौतुक सांगत होतो.

जेवण झाले, आम्ही उठलो. आई ताट घेऊन उठली, दोन पावले चालली आणि थांबली. परत फिरून तिने ताट आणि गिलास बाकावर ठेवला आणि पदर सावरून बसून राहिली.

मुलगी म्हणाली, "आजी, नियम सगळ्यांना सारखाच आहे. ते बघ, पांढऱ्या कपड्यातले सावकारासारखे दिसणारे काकासुद्धा धुताहेत."

आई म्हणाली, "धुऊ दे त्याले. त्यानं आता सुरू केलं. माहं धुऊन झालं बाप्पा."

आई लहान असताना वडिलांच्या बोटाला धरून बाजाराला जाई. तिथल्या हॉटेलात आत जायची सोय नव्हती. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात आपल्या लोकांसाठी कान तुटलेली कपबशी उपडी असे. ती आपणच उचलायची, आपणच विसळायची, चहा वरून ओतला जाई. पिऊन झाला की पुन्हा धुवून तिथेच उपडी घालायची. पैसे मात्र आत बसणाऱ्याइतकेच. कपबशी धुण्याचे काम आईकडे होते, कारण ती लहान होती आणि कोनाडा खाली होता. १९५६ च्या ऑक्टोबरात तिचे वडील नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आले. त्यानंतर त्यांनी त्या कोनाड्याकडे पाहिले नाही, बाजारातून कोरड्या घशाने घरी येत. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे ती आम्हांला कधीमधी सांगते, पण त्या दिवशी सांगितले नाही. नुसती बसून राहिली.

महाडचे चवदार तळे आमच्या मुलांना पाठ आहे, २० मार्च १९२७ ही तारीखही. पण हॉटेलाचा बाक आणि तळ्याचे पाणी संविधानात एकाच कलमात शेजारी आहेत, हे मोठ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. कलम १५ चे दुसरे पोटकलम उघडून पाहावे. त्यात दुकाने आणि उपाहारगृहे आहेत, विहिरी, तलाव आणि रस्तेही आहेत. पुढे १९५५ चा अस्पृश्यतेचा कायदा आला, १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातल्या भांड्यांचा वेगळा उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला ती भांडी वापरू दिली नाहीत, तर कमीत कमी एक महिना कैद आणि दंडही. कायदा लिहिणाऱ्यांना तो कोनाडा नीट माहीत होता, हे उघड आहे.

इकडे मामांनी सगळे पाहिले होते. नियम मोडला की ते ओरडतात, असे मी ऐकून होतो. ते आले, आईचे ताट-गिलास उचलून टाक्यावर गेले आणि स्वतः धुतले. आईची नजर त्यांच्या हातावरच होती. धुतलेला गिलास त्यांनी फळीवर इतर गिलासांच्या रांगेतच उपडा घातला. तो कुठे ठेवला हे पाहून झाल्यावर आई म्हणाली, "अजून एक चहा होईल काय?"

"आहे," मामा म्हणाले. त्याच रांगेतला एक गिलास उचलून त्यांनी त्यात चहा दिला. पाटीवर खडू फिरवून आजीबाईंना सूट वगैरे काही लिहिले नाही. पैसेही घेतले, दहा रुपये.

परतीच्या बसमध्ये मायलेकींचे जुंपले. मुलीचे म्हणणे, समता म्हणजे सगळ्यांना एक नियम. आजीला सूट दिली तर उद्या आणखी कोणी मागेल. आयुष्मतींचे म्हणणे, ज्यांनी कधी आपला कप उचलला नाही त्यांच्यासाठी तो नियम शिकवण आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर सक्तीने धुतले त्यांना तो पुन्हा हातात राख देतो. मला आयुष्मतींचे पटते. मुलीला पटलेले नाही, आणि तिने आजीला तसे तोंडावर सांगितले. आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तू धू ना. तुले कोनी सांगतलं नोको धू म्हनून?"

बिल झाले ४५० रुपये. पाच जेवणे सत्तरप्रमाणे ३५०, पोहे दोन प्लेटा ४०, चहा सहा ६०. जाणार असाल तर सुटे पैसे जवळ ठेवा, मामा फोनवरून पैसे घेत नाहीत. रविवारी बाक मिळायला थांबावे लागते. आणि पोहे हवे असतील तर दहाच्या आत पोहोचा.