विनावेतन रजा

विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारी आमच्या धर्मग्रामातील एक प्राध्यापिका २०२१ च्या जूनमध्ये माझ्याकडे आली, ती रजेच्या अर्जाचा मसुदा घेऊनच. दोन वर्षांची विनावेतन रजा, पदावरील धारणाधिकार कायम. तेवढ्या मुदतीत तिला शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या एका कंपनीत धडे रचावयाचे होते. "फादर, वर्गात माझ्यासमोर साठ मुले बसतात. तिथे साठ हजार बसतील," ती म्हणाली. पगार दुपटीहून अधिक होता आणि वडिलांच्या आजारपणाचे कर्ज फेडावयाचे होते, हेही तिने लपविले नाही.

तिच्या डोळ्यांसमोर स्टॅनफर्ड होते. तेथील सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी २०११ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य खुला केला, तेव्हा १९० देशांतील सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. पुढे थ्रन यांची 'उडॅसिटी' निघाली. २०१२ मध्ये त्याच विद्यापीठातील अँड्र्यू एंग आणि डॅफ्नी कोलर यांनी 'कोर्सेरा' काढली. ऐकून मीही भारावलो. त्या १,६०,००० पैकी शेवटपर्यंत सुमारे २३,००० च पोहोचले आणि २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठाला उडॅसिटीबरोबरचा आपला प्रयोग नापासांच्या संख्येमुळे थांबवावा लागला, हे मी पुष्कळ नंतर वाचले. त्या दिवशी मी एवढेच म्हणालो, "जा. देवाने दिलेली देणगी पुरून ठेवू नये."

पहिले काही महिने ती आनंदात होती. बारावीसाठीचा कप्पीचा धडा तिने आमच्याकडच्या विहिरीवरील रहाटापासून सुरू केला. प्रत्येक चित्रफीत सहा मिनिटांची. कोणत्या क्षणाला किती मुले उठून गेली याचा आलेख दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर येई. पण ती का उठली, हे त्यात नसे. "वर्गात एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की मी थांबते. इथे थांबायचे कुणासाठी?" असे एकदा तिने विचारले.

दिवाळीच्या सुमारास, रविवारच्या मिस्सेनंतर सूचना वाचताना मी कौतुकाने सांगितले, की आपल्या गावची मुलगी आता देशभर शिकविते. माझे हे शब्द ऐकून एक बाई घरी गेल्या. पहाटेच्या गाडीने मोगऱ्याची टोपली दादरला नेणाऱ्या, बारावीतल्या मुलाची आई. कंपनीच्या विक्रेत्याचा फोन आला तेव्हा 'फादरांनीच सांगितलं' म्हणून त्यांनी मोबाइलवर आलेला आकडा त्याला वाचून दाखविला. ते कर्ज होते, चोवीस हप्त्यांचे. दरमहा त्यांच्या खात्यातून आपोआप वळते होणारे. अशा व्यवहारांत पालकांनी सावध असावे, अशी सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये काढली. आमच्याकडे ती महिनाभर उशिरा पोहोचली असे म्हणावे लागेल.

मुलगा चित्रफिती पाहत बसे आणि गणिते अडली की मोबाइल बंद करी. सहा हप्ते गेल्यावर बाई माझ्याकडे आल्या. मी प्राध्यापिकेला बोलावले. ती बराच वेळ गप्प होती. विक्रीचा विभाग निराळा आहे, असे ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. तिने स्वतःच्याच कंपनीला पत्रे लिहिली, वरिष्ठांचे बोलणे खाल्ले आणि आणखी तीन हप्ते कापले गेल्यावर उरलेले कर्ज रद्द झाले. गेलेल्या नऊ हप्त्यांचे पैसे तिने स्वतः देऊ केले. बाईंनी घेतले नाहीत. "पैसे नकोत. पोराला शिकव," एवढेच त्या बोलल्या.

मग दर रविवारी दुपारी तो मुलगा तिच्या पडवीत बसू लागला. पुढे आणखी चौघे आले. एव्हाना, २०२२ मध्ये, त्या व्यवसायात सर्वत्र नोकरकपात सुरू झाली होती. तिची नोकरी टिकली. तरी मुदत संपताच जून २०२३ मध्ये ती विद्यापीठात परतली. खडू हाती घेतल्यावर पहिल्या तासाला आपण सहाव्या मिनिटाला थांबलो, असे तिने मला सांगितले. हसत सांगितले, पण मला हसू आले नाही.

अलीकडे तिने सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावरील एका अभ्यासक्रमाची माहिती सूचनांत वाचावी म्हणून चिठ्ठी आणून दिली. मी चष्मा लावला आणि विचारले,

"शुल्क किती?"

"शिकायला काही नाही, फादर. प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र आहे."

रविवारी मी परीक्षेचे शुल्क आधी वाचले, अभ्यासक्रमाचे नाव नंतर.