परतीची गाडी आधी बघा!

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला रविवार नावाचा एक प्रॉब्लेम असतो. शनिवारी रात्री वाटतं, उद्या काय काय करू! आणि रविवारी दुपारी बारा वाजता लक्षात येतं की आपण फक्त कपडे भिजत घातलेत. आमच्या रूममधल्या चौघींनी यावर एक उपाय काढला. महिन्यातला एक रविवार ठरवायचा, सोलापूर स्टेशनवरून रेल्वे पकडायची, तटबंदीचं एखादं जुनं शहर बघायचं आणि होस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत परत यायचं.

आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा अजूनही गोंधळ होतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या माथी मारून पुढे जाते.

प्लॅनिंग माझ्याकडे असतं. एक्सेल शीट बनवते म्हणून मैत्रिणी मला 'स्टेशन मास्तर' म्हणतात. अनुभवातून आमचे काही नियम तयार झालेत. पहिला नियम, जाणारी गाडी नंतर, परतीची गाडी आधी बघायची. दुसरा, परतीच्या गाडीनंतर अजून एक पर्याय हातात ठेवायचा, मग ती एसटी असली तरी चालेल. तिसरा, नकाशावर स्टेशन तटाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं आणि लांबून सुरुवात करून स्टेशनकडे सरकत यायचं. चौथा, एका दिवसात चारच ठिकाणं. पाचवं ठिकाण घातलं की जेवण राहतं आणि भांडणं होतात.

विजयपूर, म्हणजे २०१४ पर्यंतचं विजापूर, आमच्या शीटवर पहिलं होतं. सोलापूरहून होटगीमार्गे साधारण ११० किलोमीटर. मध्ये भीमा ओलांडली की स्टेशनांच्या पाट्या बदलतात आणि डब्यातली भाषासुद्धा. शहराभोवती सुमारे १० किलोमीटरचा तट आहे, पहिल्या अली आदिलशहाच्या काळातला. स्टेशन पूर्वेला, गोलघुमट त्याच्या जवळ आणि इब्राहिम रोजा एकदम पश्चिमेला, तटाच्या बाहेर. तिसऱ्या नियमाप्रमाणे खरं तर रोज्यापासून सुरुवात करायला हवी होती. पण गोलघुमटाची मजा सकाळीच. शाळांच्या सहली पोहोचल्या की त्या गॅलरीत फक्त किंकाळ्या ऐकू येतात. म्हणून नियम मोडला आणि शीटवर लाल रंगात तसं लिहून ठेवलं.

सगळं फिट बसलं होतं. आणि शनिवारी संध्याकाळी अप्पा मिरजेहून न सांगता आले.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. अप्पा गवंडी आहेत. होस्टेलवर मी सांगितलं होतं, "फादर कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत." वाक्य खोटं नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते खोटं आहे आणि ते तसंच राहावं अशी मी काळजी घेत होते. सवय जुनीच. शाळेत पेरेंट्स मीटिंगला अप्पा मागच्या बाकावर बसायचे. सिस्टर इंग्लिशमध्ये बोलायच्या आणि ते मान हलवायचे. सातवीत मी त्यांना म्हटलं होतं, "आईलाच पाठवा, तुमचा खाडा होतो." त्यांनी ते खरं मानलं. की मानल्यासारखं केलं, कोण जाणे.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. स्ट्रक्चरल अॅनालिसिसमध्ये माझा विषय राहिला होता. परीक्षेची फी मी 'प्रोजेक्टचे पैसे' म्हणून मागवली होती.

अप्पांना टाळायला मी म्हटलं, "उद्या आमची विजापूरची ट्रिप आहे हो." ते म्हणाले, "मग मी बी येतो की. गोलघुमट बघायचा र्‍हायलाय." मैत्रिणी खूश. चार तिकिटांची पाच झाली.

गाडीत मी अप्पांच्या आणि मैत्रिणींच्या मध्ये बसले, भिंतीसारखी. पण इंडी रोडच्या आसपास आमच्यातल्या मेकॅनिकलवालीने विचारलंच, "काका, तुम्ही कन्स्ट्रक्शनमध्ये ना?" अप्पा म्हणाले, "गवंडी हाय मी. बत्तीस वर्षं झाली." मी खिडकीबाहेर बघत राहिले. कोणी हसलं नाही. उलट तिने विचारलं, "मग आज आम्हाला गाईड लागणार नाही?"

लागला नाहीच. स्टेशनबाहेर अप्पा रिक्षावाल्याशी कानडीत बोलले, कारण मिरजेच्या साईटवर निम्मे कामगार सीमेपलीकडचे. आमचे पैसे वाचले आणि माझ्या शीटमधला 'रिक्षा' हा कॉलम पहिल्याच तासात चुकला.

गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ च्या सुमारास उभी राहिलेली. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आणि आत मधे एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे जिने चढताना एके ठिकाणी गिलावा उडाला होता. तिथे अप्पा थांबले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "चुना. घाणीत चांगला मळलेला." मग आम्हा इंजिनिअर मंडळींना चुना किती दिवस भिजवतात, घाणी बैलाने कशी फिरवतात, हे त्यांच्या म्हाताऱ्या उस्तादाकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. गॅलरीत चौघींनी एकमेकींची नावं कुजबुजून झाली. अप्पा मात्र छताकडेच बघत होते.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "भिंती चौकोनी आणि वर गोल. कसं बसीवलं?"

मी सुरू केलं, "पेंडेंटिव्ह असतात, ते लोड ट्रान्सफर..."

"म्हंजे?"

मराठीत मला एक शब्द येईना. मग वहीचं पान फाडलं. एक चौकोन काढला, त्यावर दुसरा तिरका ठेवला. आठ कोपरे झाले. "अप्पा, ह्या आठ कमानी एकमेकींना छेदून जातात, आणि चौकोनाचा जवळजवळ गोल होतो. घुमट भिंतींना बाहेर ढकलत असतो. पण ह्या कमानींच्या मधला भाग आतल्या बाजूला लोंबतो, त्याचं वजन आत ओढतं."

"म्हंजे घुमटाचा रेटा भाईर आणि ह्येचं वजन आत. एकमेकास्नी अडीवत्यात."

रेटा! हॉरिझॉन्टल थ्रस्ट. टू-हिंज्ड आर्चची गणितं मी फॉर्म्युला पाठ करून सोडवायचे आणि त्यातच गचकले होते. काय कशाला ढकलतंय हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"आणि सेंट्रिंगला येवढं लाकूड कुठनं आणलं आसंल?" हेन्री कझिन्स यांनी विजापूरच्या वास्तूंवरच्या १९१६ च्या पुस्तकात म्हटलंय की विटांचे थर आडवे, जाड चुन्यात बसवत नेल्यामुळे माथ्याचा भाग सोडला तर सेंट्रिंगची गरज पडली नसावी. हे मी सांगितलं तेव्हा अप्पांनी समाधानाने मान हलवली. पेरेंट्स मीटिंगमधली मान हलवणं आणि ही, यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

पुढे मलिक-ए-मैदान तोफ बघितली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची. इंग्रजांच्या काळात तिच्या लिलावात दीडशे रुपयांची बोली लागली होती हे ऐकून अप्पा म्हणाले, "नुसतं उचलायचं भाडंच किती झालं आसतं!" मग इब्राहिम रोजा, मग भाकरी आणि शेंगाचटणी. परतीची गाडी अर्थात मिळाली.

गाडीत मैत्रिणी झोपल्यावर मी सांगून टाकलं. विषय राहिलाय, आणि ते पैसे प्रोजेक्टचे नव्हते.

"कुठला विषय?"

"ते कमानींचं गणित असतं त्यात."

"आन् मगाशी तर सगळं बरोबर सांगत हुतीस."

त्यानंतर होटगी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं. मग हळूच म्हणाले, "फी तेवढीच लागती, खरं सांगितलं तरी. पुन्यांदा खोटं सांगू नगं."

पेपर अजून व्हायचाय, त्यामुळे 'आणि मी डिस्टिंक्शनमध्ये पास झाले' असा शेवट मला करता येत नाही. पण हल्ली गणित सोडवण्याआधी मी रेटा कुठे जातोय याचा बाण काढते.

पुढची ट्रिप कलबुर्गीची. किल्ल्यात १३६७ ची जामा मशीद आहे, मोकळं अंगणच नसलेली, सगळी छताखाली. इतक्या छोट्या छोट्या घुमटांचा रेटा कोण अडवतं, हे अप्पांना बघायचंय. शीट तयार आहे. परतीची गाडी आधी बघितलीय. तिकिटांच्या कॉलममध्ये पाच लिहिलंय, आणि अप्पांच्या नावापुढे 'गवंडी'.

— तृतीय वर्ष, स्थापत्य