हनोईचा रस्ता ओलांडताना

आंबागडच्या किल्ल्याखाली आमच्या धानाच्या बांध्या. धानाचीच शेती पाहायला व्हिएतनामला जाण्याचा योग आला आणि हनोईत पहिली गाठ पडली ती दुचाक्यांशी! तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. मी सवयीने भलतीकडेच पाही. होआन किएम तळ्याकाठी कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. भोंग्यांचा कलकलाट, एका गाडीवर अख्खे कुटुंब, आणि थांबायचे नाव कुणी घेईना.

शेवटी एका म्हातारीने हात धरला. ती ना धावली, ना बिचकून मागे सरली. सकाळी आखरावर जमलेल्या गायींमधून आपण वाट काढतो, तशी संथ चालली. गाड्या दोन्ही अंगांनी वळून गेल्या.

त्या गोंधळातही एक गोष्ट डोळ्यांत भरली. जवळजवळ प्रत्येक चालकाच्या डोक्यावर हेल्मेट! १५ डिसेंबर २००७ पासून तिथे ते सर्व रस्त्यांवर सक्तीचे झाले. कायदा आपल्याकडेही आहे. पण तुमसरच्या बाजाराला जाताना माझे हेल्मेट घरी खुंटीवरच असे.

परतल्यावर कारभारणीने विचारले, "तिकडून काय आणलंत?"

मी खुंटीवरचे हेल्मेट काढले, धूळ पुसली आणि डोक्यावर चढवले.