रागीगुड्डा : नाचणीच्या राशीवरचा मारुती

नोकरीनिमित्त बंगळूरला स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे आईवडील राहायला गेले, की पहिले काही दिवस लालबाग, विधानसौध आणि खरेदीत निघून जातात. मग एके सकाळी चहा घेताना प्रश्न येतो, ‘अरे, इथे जवळपास चांगले देऊळ कोणते?’ शहराच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरमध्ये घर असेल तर या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘रागीगुड्डा’ असे मिळते.

लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेल्या जे. पी. नगरच्या आणि जयनगरच्या नवव्या ब्लॉकच्या सीमेवर एक छोटी टेकडी आहे. तिच्यावर प्रसन्न आंजनेयस्वामींचे, म्हणजे आपल्या मारुतीरायाचे मंदिर आहे. मंदिर फार पुरातन नाही. १९६९ मध्ये त्याची स्थापना झाली. मात्र टेकडीची कथा त्याहून कितीतरी जुनी आहे आणि ती सुरू होते एका घरातल्या सासू-सुनेपासून!

सासू, सून आणि धान्याची रास

कानडीत ‘रागी’ म्हणजे नाचणी आणि ‘गुड्डा’ म्हणजे टेकडी. दंतकथा अशी सांगतात, की या मुलखातील पाळेगाराची, म्हणजे स्थानिक सरदाराची सून सुधर्मा ही मोठी धर्मशील होती. सुगी संपली होती. अंगणात नाचणीची भली मोठी रास पडली होती आणि सुधर्मा धान्य पाखडत बसली होती. तेवढ्यात तीन जंगम दारी आले आणि त्यांनी भिक्षा मागितली. सुधर्मा आनंदाने धान्य द्यायला उठली. पण सासूने तिला अडवले. दारी आलेल्यांना रिकाम्या हाताने पाठवावे लागणार, या विचाराने सून व्याकूळ झाली. जे धान्य भुकेल्याच्या ओंजळीत पडत नाही ते दगड होऊन जावे, अशी तिने देवाची प्रार्थना केली आणि पाहता पाहता राशीचा डोंगर झाला. ते तीन जंगम म्हणजे साक्षात ब्रह्मा, विष्णू आणि महेश होते. तेही शिळारूपाने तिथेच राहिले.

टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या तीन मोठ्या शिळा म्हणजेच ते जंगम, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या शिळांवर आता त्रिमूर्तींच्या आकृती कोरलेल्या आहेत.

या कथेत नाचणीच का, गहू किंवा तांदूळ का नाही, याचे उत्तर शेतकऱ्याला विचारावे. नाचणीला सहसा कीड लागत नाही. नीट साठवली तर ती वर्षानुवर्षे टिकते. पाऊस कमी झाला तरी ती तग धरते. म्हणून म्हैसूरच्या पठारावर नाचणी म्हणजे दुष्काळातली ठेव होती आणि तिचे जमिनीखालचे पेव घरोघरी जपले जाई. आजही देशात नाचणीचे सर्वाधिक उत्पादन कर्नाटकातच होते. हे ध्यानात घेतले, की सासूचा हात का आखडला तेही कळते. पुढचे वर्ष कसे जाईल याचा घोर तिला असणार. धान्य सुनेच्या सुपात होते. पण ते देण्याचा अधिकार मात्र सासूकडे होता. कोकणात आणि घाटमाथ्यावर नाचणीच्या भाकरीवर वाढलेल्या मराठी माणसाला ही ओढाताण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शेंदराचा नव्हे, लोण्याचा मारुती

पायऱ्या चढून वर गेले, की आंजनेयाचे दर्शन होते. मंदिराच्या आवारात राम-सीता-लक्ष्मण आणि शिवलिंगाची स्थाने आहेत. खाली गणपती, नवग्रह आणि राजराजेश्वरीची मंदिरे आहेत. एकूण परिसर सुमारे पाच एकरांचा आहे.

महाराष्ट्रातील मारुती वेशीवर, पारावर किंवा तालमीत उभा असतो. त्याच्या अंगावर शेंदूर, गळ्यात रुईच्या पानांची माळ आणि समोर तेलाचा दिवा असतो. दक्षिणेत मात्र बहुधा काळ्या पाषाणाची मूर्ती दिसते. तिला दुधाचा, पंचामृताचा अभिषेक होतो. कधी लोण्याने सारी मूर्ती सजवतात, कधी विड्याच्या पानांची, तर कधी चक्क उडदाच्या वड्यांची माळ घालतात. लहान मुलांना या वडेमाळेचे भारी अप्रूप वाटते.

जन्मोत्सवाची तिथीही निराळी आहे. आपल्याकडे चैत्री पौर्णिमेला पहाटे सुंठवडा वाटला जातो. कर्नाटकात मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशीला हनुमद्‌व्रत असते. रागीगुड्डा येथे डिसेंबरच्या सुमारास बारा दिवस उत्सव चालतो. पूजा, होम आणि संगीताच्या मैफली होतात आणि सारा परिसर माणसांनी फुलून जातो.

मारुतीचा जन्म कुठला, यावरही प्रेमाचे भांडण आहेच. नाशिककर अंजनेरीकडे बोट दाखवतात, तर कन्नड मंडळी हंपीजवळच्या अंजनाद्रीकडे. समर्थ रामदासांनी अकरा मारुती स्थापले, हे मराठी मुलांना ठाऊक असते. कर्नाटकात विजयनगरच्या काळातील व्यासराय स्वामींनी ७३२ मारुती स्थापल्याची परंपरा सांगतात.

दगड झालेल्या राशीवर अन्नदान

दर्शनानंतर लगेच निघून जायची तिकडे पद्धत नाही. प्रदक्षिणा घालून भाविक मंडपात क्षणभर टेकतात. मग पानांच्या द्रोणात प्रसाद येतो. बंगळूरच्या मंदिरांतून पोंगल, चिंचेचा पुळियोगरे भात, दहीभात किंवा मुगाची कोशिंबीर, जिला तिथे ‘कोसंबरी’ म्हणतात, असे पोटभरीचे पदार्थ प्रसाद म्हणून मिळतात. दारातून माणूस उपाशी जाऊ नये, ही सुधर्माची इच्छा अशा द्रोणातून पुरी होताना दिसते.

बंगळूरमध्ये असे हे एकच ठिकाण नाही. जवळच्याच बसवनगुडीत केंपेगौडांच्या काळातील दगडी नंदीचे मंदिर आहे. भुईमुगाच्या शेतात घुसणाऱ्या बैलाला शेतकऱ्याने फटका मारला आणि बैलाचा दगड झाला, अशी तिथली कथा आहे. म्हणून कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे शेंगांची ‘कडलेकाई परिशे’ ही जत्रा भरते. नाचणीची आणि भुईमुगाची शेते केव्हाच घरांखाली आणि कचेऱ्यांखाली गेली. आज संगणकाचे शहर म्हणून मिरवणारी ही नगरी एकेकाळी कोणाच्या कष्टावर जगत होती, हे आता या देवळांच्या कथांतूनच कळते.

एका अर्थाने या नाचणीने नव्या शहरालाही सोडलेले नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूर मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला. राष्ट्रीय विद्यालय रोडनंतरच्या पहिल्याच स्थानकाचे नाव आहे ‘रागीगुड्डा’. कचेरीला निघालेली तरुण मुले रोज ते नाव ऐकतात. त्यांच्यासोबत आलेल्या आजी-आजोबांनी त्याचा अर्थ त्यांना जरूर सांगावा.

जाण्यापूर्वी

मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाने राष्ट्रीय विद्यालय रोडला यावे आणि तिथे पिवळा मार्ग पकडावा. पुढचेच स्थानक रागीगुड्डा आहे. शनिवारी मारुतीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते, म्हणून वृद्ध आणि लहान मुले बरोबर असतील तर इतर दिवशी सकाळी लवकर जाणे सोयीचे. दक्षिणेतील मंदिरे दुपारी बहुधा बंद असतात, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्यावी. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या सावकाश चढाव्यात. अर्धा दिवस हाताशी असेल तर बसवनगुडीचा नंदीही पाहून घ्यावा.

आणि प्रसादाचा द्रोण हाती आला, की त्यातला एक घास शेजारी बसलेल्या अनोळखी पोराला द्यायला विसरू नये. या टेकडीवर आखडलेल्या हाताची गोष्ट साऱ्यांना ठाऊक आहे.